वसंतातील ज्ञानसत्र

चैत्र सरत आला, की पुण्यातील दुपार तापू लागते. परंतु दिवस मावळताच पश्चिमेचा वारा सुटतो आणि संध्याकाळ सुखद होते. शाळा-महाविद्यालयांना सुट्टी लागलेली असते. न्यायालयांचे कामही थंडावलेले असते. अशा मोकळ्या संध्याकाळी एकत्र जमून काय करावे? या प्रश्नाला पुणे शहराने १८७५ मध्ये एक उत्तर शोधले. ते उत्तर म्हणजे वसंत व्याख्यानमाला होय.

त्या काळचे पुणे आजच्यासारखे अवाढव्य नव्हते. त्याची वस्ती लाखाच्या आसपास होती. पेशवाई लयाला जाऊन अर्धशतक लोटले होते. वाड्यांतून जुन्या वैभवाच्या गोष्टी अजून सांगितल्या जात. पण पुढे काय करायचे, याविषयी मात्र लोकांच्या मनात संभ्रम होता. अशा शहरात १८७१ मध्ये महादेव गोविंद रानडे न्यायाधीश म्हणून आले. त्या वेळी त्यांनी वयाची तिशीही गाठली नव्हती. इंग्रजी विद्येने मिळालेले ज्ञान आपल्यापुरते ठेवणे त्यांना रुचत नसे. ते मराठीतून सर्वांपर्यंत पोहोचले पाहिजे, असा त्यांचा ध्यास होता. १८७२ व १८७३ मध्ये त्यांनी व्यापारासारख्या रूक्ष वाटणाऱ्या विषयावर पुणेकरांपुढे मराठीत व्याख्याने दिली. देशाचे दारिद्र्य हा केवळ दैवाचा खेळ नसून त्याला शोधता येतील अशी कारणे आहेत, हा विचार अनेकांना नवा होता.

ज्ञान पोहोचवायचे, तर ते बोलूनच पोहोचवावे लागणार होते. लिहिता-वाचता येणारे लोक थोडे होते. ग्रंथ विकत घेणे सर्वांना परवडत नसे. परंतु ऐकण्याची सवय मात्र समाजाच्या अंगी पूर्वापार मुरलेली होती. देवळात पुराण चाले, कीर्तनाला गर्दी लोटे, आणि निरक्षर माणसालाही संतांचे अभंग तोंडपाठ असत. व्याख्यानमालेने या जुन्या सवयीला नवा विषय दिला. श्रोता तोच, सतरंजी तीच. पण बोलणे आता इतिहासाचे, शास्त्राचे, अर्थकारणाचे आणि समाजस्थितीचे. आणखीही एक भेद होता. कीर्तनकारापुढे श्रोता श्रद्धेने मान लववी. व्याख्यात्याचे म्हणणे मात्र त्याने स्वतःच्या बुद्धीने पारखून घ्यावे, अशी अपेक्षा होती.

उन्हाळ्याची निवड सोयीची होती. सुट्टीमुळे शिक्षक, विद्यार्थी व वकील यांना सवड असे. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाल्यामुळे मुंबईचे विद्वानही सहज पुण्याला येऊ शकत. पुढे वक्तृत्वोत्तेजक सभेने या मालेची धुरा सांभाळली. वर्षे लोटली, शहर वाढले, वक्त्यांच्या पिढ्या बदलल्या. तरी उन्हाळ्यात रोज सायंकाळी एक याप्रमाणे व्याख्याने होण्याचा परिपाठ टिकून राहिला. पुणेकर त्याला कौतुकाने ‘ज्ञानसत्र’ म्हणू लागले.

बोलणारे जमले, तसे लिहिणारेही जमावेत, असे रानड्यांना वाटे. त्यांनी व ‘लोकहितवादी’ गोपाळ हरी देशमुख यांनी ग्रंथकारांना आवाहन केले, आणि ११ मे १८७८ रोजी पुण्यातील हिराबागेत मराठी ग्रंथकारांची पहिली सभा भरली. अध्यक्षस्थानी रानडेच होते. तो काळ कठीण होता. दख्खनच्या गावांनी नुकताच भीषण दुष्काळ सोसला होता. अशा दिवसांत मराठी ग्रंथांची वाढ कशी व्हावी, याचा विचार करण्यासाठी मंडळी एकत्र आली. त्याच वर्षी रानड्यांची नाशिकला बदली झाली. दुसरे ग्रंथकार संमेलन भरण्यास १८८५ साल उजाडावे लागले. तेही पुण्यातच, आणि मे महिन्यातच भरले.

या दुसऱ्या संमेलनाचे निमंत्रण जोतीराव फुले यांनाही गेले. जोतीराव पुण्याचेच राहणारे. १८४८ मध्ये त्यांनी मुलींसाठी शाळा काढली होती. १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ लिहून सत्यशोधक समाजाची स्थापना केली होती. त्यांच्या येण्याने सभेची शोभा वाढली असती. पण ते आले नाहीत. त्यांनी एक पत्र पाठवले.

त्या पत्रात औपचारिक सबब नव्हती. सर्व माणसांच्या हक्कांचा जे खरेपणाने विचार करीत नाहीत आणि ते हक्क ज्याचे त्याला राजीखुशीने देत नाहीत, त्यांच्या सभांशी व पुस्तकांशी आपल्या सभांचा व पुस्तकांचा मेळ बसणार नाही, असे जोतीरावांनी स्पष्ट कळवले. शूद्रातिशूद्रांनी काय सोसले, हे वरच्या आसनावर बसणाऱ्यांना कसे उमजावे, असा त्यांचा सवाल होता. जून १८८५ मध्ये हे पत्र ‘ज्ञानोदय’ पत्रात प्रसिद्ध झाले.

हे शब्द कठोर होते. परंतु त्यांनी एका सत्यावर बोट ठेवले होते. सभेचे दार उघडे असले, म्हणजे सभा सर्वांची झाली असे नव्हे. शेतावर राबून थकलेला कुणबी तेथे कसा येणार? ज्याला विहिरीवर पाणी भरू दिले जात नाही, त्याने सतरंजीच्या कोणत्या टोकाला बसावे? ज्या स्त्रीला अक्षर शिकण्याचीच मनाई, तिने कोणता ग्रंथ घेऊन यावे? संमेलनात मराठी ग्रंथांची चर्चा झाली. पण मराठी बोलणारे बहुसंख्य लोक त्या चर्चेबाहेर होते. जोतीराव आले असते, तर त्यांचे एक भाषण झाले असते. ते आले नाहीत, म्हणून त्यांचा प्रश्न मागे राहिला. मराठी साहित्याला तो अजूनही विसरता आलेला नाही.

रानड्यांनी लावलेले रोपही वाढत गेले. २७ मे १९०६ रोजी पुण्यातच महाराष्ट्र साहित्य परिषदेची स्थापना झाली. नाशिकला १९२२ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, आणि गोदावरीच्या काठी मोकळ्या आभाळाखाली श्रोते जमू लागले. इतर अनेक लहान शहरांनी हा वसा घेतला. गावातील वाचनालयाने पुढाकार घ्यावा, व्यापाऱ्यांनी वर्गणी द्यावी, शाळेने पटांगण आणि बाके द्यावीत, तरुणांनी सतरंज्या अंथराव्यात आणि बाहेरगावच्या वक्त्याने एखाद्या घरी पाहुणा म्हणून उतरावे, अशा साध्या रीतीने हे उत्सव पार पडत आले आहेत.

आणि काळाने आणखी एक गोष्ट घडवून आणली. ज्या सभेला जोतीराव गेले नाहीत, तशाच सभा आता त्यांच्या नावाने भरतात. ११ एप्रिल ही त्यांची जयंती, आणि १४ एप्रिल ही डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची. या दोन दिवसांच्या सुमारास महाराष्ट्राच्या गावोगावी, वस्त्यावस्त्यांतून व्याख्याने होतात. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना हिराबागेचे दार परके होते, त्यांची मुले तेथे पुढच्या रांगेत बसतात आणि कधी व्यासपीठावरूनही बोलतात.

वसंत व्याख्यानमालेच्या आरंभाला २०२५ मध्ये दीडशे वर्षे झाली. या काळात किती विद्वान बोलून गेले, याची गणती करता येईल. पण सभेचे खरे मोल व्यासपीठावरून ठरत नाही. सतरंजीवर कोण बसले आहे आणि कोण अजून दाराबाहेर उभे आहे, यावरून ते ठरते. रानड्यांनी माणसांना एकत्र बसून ऐकायला शिकवले. सभेत कोण नाही, हे पाहायला जोतीरावांनी शिकवले. समाजाला या दोन्ही शिकवणी लागतात.

स्वाध्याय

१. व्याख्यानमालेसाठी उन्हाळ्याचा काळ सोयीचा का होता?
२. कीर्तन आणि व्याख्यान यांत कोणते साम्य व कोणता भेद सांगितला आहे?
३. ‘सभेचे दार उघडे असले, म्हणजे सभा सर्वांची झाली असे नव्हे.’ या विधानाचा अर्थ उदाहरणे देऊन स्पष्ट करा.
४. आपल्या गावात उन्हाळ्यात होणाऱ्या एखाद्या कार्यक्रमाची माहिती मिळवा. त्याला कोण येतात व कोण येत नाहीत, हे पाहून दहा ओळी लिहा.