दंतभरणातील आसंजके आणि निसर्गदत्त जंतुरोधके

किडलेला दात भरून घेतला की त्या दाताची चिंता कायमची मिटली, असा सर्वसाधारण समज आढळतो. वस्तुस्थिती मात्र तशी नाही. भरलेल्या दाताला भरणाच्या कडेने पुन्हा कीड लागणे, हे दंतभरण निकामी होण्याचे एक प्रमुख कारण आहे. जुने भरण काढून नवे बसविताना प्रत्येक वेळी निरोगी दाताचाही थोडा अंश कोरला जातो आणि दात उत्तरोत्तर दुबळा होतो. म्हणूनच भरण व दात यांना सांधणाऱ्या आसंजकातच जंतुरोधक द्रव्य मिसळता येईल काय, या प्रश्नाकडे संशोधकांचे लक्ष वेधले गेले आहे.

कीड लागते कशी?

दातांवर साचणाऱ्या चिकट किटणात असंख्य सूक्ष्मजंतू वास करतात. त्यांपैकी स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स या जंतूचे वर्णन जे. किलियन क्लार्क यांनी १९२४ साली केले. हे जंतू अन्नातील साखरेपासून लॅक्टिक अम्ल तयार करतात. किटणाचे पीएच मूल्य ५.५ च्या सुमारास किंवा त्याखाली उतरले की दाताचे कठीण कवच, म्हणजे दंतवल्क, विरघळू लागते.

सांधा आणि त्याचे वैगुण्य

१९५५ साली मायकेल ब्युओनोकोर यांनी दंतवल्कावर फॉस्फरिक अम्लाची प्रक्रिया केल्यास राळ त्याला घट्ट चिकटते, हे दाखवून दिले. दंतवल्काखालील दंतिनात राळ शिरून कोलॅजेनच्या तंतूंसह एक संमिश्र थर निर्माण होतो, हे जपानमधील नोबुओ नाकाबायाशी यांनी १९८२ साली मांडले. आजचे दातांच्या रंगाचे भरण याच तत्त्वावर टिकून असते. तथापि, घट्ट होताना भरणाची राळ किंचित आकसते व सूक्ष्म फटी राहू शकतात. त्यांतून लाळ व जंतू आत शिरतात. शिवाय दंतिनातील काही विकरे उघड्या राहिलेल्या कोलॅजेनचे विघटन करतात आणि सांधा आतूनच खिळखिळा होतो.

निसर्गाचे साहाय्य

या दुहेरी हानीवर उपाय म्हणून हिरव्या चहातील एपिगॅलोकॅटेचिन गॅलेट, द्राक्षबियांतील प्रोअँथोसायनिडीन, मधमाश्यांचे प्रोपोलिस आणि कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून मिळणारे कायटोसान यांवर प्रयोग झाले आहेत. कायटोसानावरील धनभार जंतूंच्या आवरणाला बाधा आणतो. चहा व द्राक्षबियांतील द्रव्ये जंतूंना आवर घालतातच, शिवाय कोलॅजेन कुरतडणाऱ्या विकरांनाही रोखतात.

मर्यादा

यावरून ही द्रव्ये सरसकट मिसळावीत असे मात्र नव्हे. दातदुखीवर घरोघरी वापरल्या जाणाऱ्या लवंगेच्या तेलाचेच उदाहरण पाहावे. त्यातील युजेनॉल जंतुनाशक व वेदनाशामक आहे; परंतु ज्या मुक्त मूलकांच्या साहाय्याने राळ घट्ट होते, त्यांनाच ते निष्प्रभ करते. इतर अनेक वनस्पतिज द्रव्यांबाबतही ही अडचण संभवते. प्रमाण अधिक झाले तर सांधा कच्चा राहतो. अल्प झाले तर जंतूंवर परिणाम होत नाही. काही द्रव्यांमुळे भरणाचा रंग बदलतो, तर काही हळूहळू झिरपून संपुष्टात येतात. या शेवटच्या अडचणीवर मात करण्यासाठी जपानमधील सातोशी इमाझातो व त्यांच्या सहकाऱ्यांनी एमडीपीबी हे राळेशीच रासायनिक बंधाने जोडले जाणारे जंतुरोधक विकसित केले; ते अर्थातच कृत्रिम आहे. नैसर्गिक द्रव्यांविषयीचा बहुतांश पुरावा अद्याप प्रयोगशाळेतील व काढलेल्या दातांवरील आहे. मुखातील उष्णता, ओलावा व चर्वणाचा भार सोसून ती वर्षानुवर्षे टिकतात, हे सिद्ध व्हावयाचे आहे.

नागरिकांचे कर्तव्य

तोवर भरलेल्या दाताची निगा आपल्याच हाती आहे. फ्लोराइडयुक्त पेस्टने दिवसातून दोनदा दात घासावेत, वारंवार गोड खाणे टाळावे आणि दंतवैद्याकडून नियमित तपासणी करून घ्यावी. दुखऱ्या दातावर घरी लवंगेचे तेल लावले असल्यास, भरण करण्यापूर्वी ते दंतवैद्यास अवश्य सांगावे. औषधी द्रव्य कितीही गुणकारी असले तरी ते योग्य स्थळी व योग्य प्रमाणात वापरले तरच हितकारक ठरते, हेच या संशोधनाचे सार आहे.