चिखलातले कपाट

मुलांनो, पुरातत्त्व म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर काय येते? पडके किल्ले, जमिनीत पुरलेली नाणी. उर्दूत या विषयाला ‘आसारे कदीमा’ म्हणतात. कदीम म्हणजे जुने. पण कालपरवाच्या वस्तूंचेही पुरातत्त्व असते, हे तुम्हांला ठाऊक आहे का?

लंडन शहरातून थेम्स नदी वाहते. ओहोटी लागली की तिचे पाणी उतरते आणि काठचा चिखल उघडा पडतो. १९९९ साली मार्क डायन या अमेरिकन कलावंताने स्थानिक लोकांना सोबत घेऊन हा चिखल धुंडाळला. पुरातत्त्वाचे जाणकार मदतीला होते. मातीच्या चिलमींचे तुकडे, हाडे, शिंपले, बाटल्या, प्लॅस्टिकची खेळणी, जे मिळाले ते ‘टेट’ या कलासंग्रहालयाच्या हिरवळीवर, तंबूत बसून स्वच्छ केले. मग डायनने त्या वस्तू एका मोठ्या लाकडी कपाटात मांडल्या. कोणती वस्तू कोणत्या काळातली, याच्या चिठ्ठ्या मात्र लावल्या नाहीत. जुनी चिलीम आणि आजचे खेळणे पाहून बघणाऱ्याने स्वतःच विचार करावा! पुरातत्त्वज्ञ विचारतो, ही वस्तू कधीची? कलावंत विचारतो, ही पाहून मनात काय येते? शहर समजून घ्यायला दोन्ही प्रश्न लागतात.

त्यासाठी लंडनलाच जायला हवे असे नाही. यवतमाळला मूर्तिजापूरहून ‘शकुंतला’ रेल्वे येत असे. वऱ्हाडातला कापूस नेण्यासाठी इंग्रजांच्या काळात एका खासगी कंपनीने हा अरुंद मार्ग बांधला. दोन रुळांमधले अंतर अवघे ७६२ मिलिमीटर! मँचेस्टरला १९२१ साली बनलेले वाफेचे इंजिन या मार्गावर १९९४ पर्यंत धावले. पुढे डिझेलचे इंजिन आले. आता या अरुंद रुळांवरून यवतमाळला गाडी येत नाही. आजोबांना विचारा, त्यांना तिची शिट्टी आठवेल. तुमच्या धाकट्या भावंडांना मात्र ती कोण सांगणार?

तुमच्याही गावात एखादी बंद जिनिंग, जुनी विहीर किंवा दुकानाची पुसट पाटी असेल. मोठ्या माणसांसोबत तेथे जा. एकाने चित्र काढावे, दुसऱ्याने मापे घ्यावीत. कोणतीही वस्तू उचलू नका. ती कोठे पडली आहे, हीसुद्धा माहितीच असते. आणि डायनने चिठ्ठ्या लावल्या नसल्या, तरी तुम्ही चित्राखाली जागेचे नाव आणि त्या दिवसाची तारीख अवश्य लिहा.