ठिपके गेले, रोग गेला का?

समुद्रातला नवा मासा घरच्या टाकीत सोडण्यापूर्वी त्याला निदान महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवावे लागते. मुलुंडच्या घरी मी एकदा हा महिना आठ दिवसांवर आणला. क्लाउन माशाच्या अंगावर रव्याच्या कणांएवढे पांढरे ठिपके होते. पाचव्या दिवशी ते नाहीसे झाले, मासा खाऊ लागला, आणि आठव्या दिवशी मी त्याला मोठ्या टाकीत सोडले. तीन आठवड्यांत तिथले पाचही मासे मेले. चूक कुठे झाली?

हे ठिपके म्हणजे ‘क्रिप्टोकॅरिऑन’ नावाचा एकपेशीय परजीवी. (त्याला हे नाव १९५१ साली मिळाले, आपले तारापोरवाला मत्स्यालयही त्याच वर्षी उघडले!) माशाच्या कातडीत शिरून तो ३ ते ७ दिवस खातो, सुमारे अर्धा मिलिमीटर वाढतो आणि आपणहून गळून पडतो. मग तळाशी कवच करून आत फुटत राहतो. एका कवचातून शे-दोनशे पिल्ले निघतात. काही तीन दिवसांत, काही चार आठवड्यांनी. त्यांना एक-दोन दिवसांत मासा गाठावाच लागतो. म्हणजे ठिपके गेले तेव्हा रोग फक्त माशावरून तळाशी गेला होता. पुढच्या तीन दिवसांत नवी पिल्ले माशाच्या कल्ल्यांत शिरली असणार. ती डोळ्यांना दिसत नाहीत.

कातडीतल्या किंवा कवचातल्या परजीवीला तांब्याचे औषध पोचत नाही, फक्त पोहणारे पिल्लू मरते. म्हणून औषध आठवडेच्या आठवडे टिकवावे लागते.

दुसरा उपाय भौतिकशास्त्राचा, म्हणून माझ्या आवडीचा. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. माशाच्या रक्तात त्याच्या साधारण एक तृतीयांश. टाकीतले क्षार १४ ग्रॅमपर्यंत उतरवले तर मासा तग धरतो, पण परजीवीच्या पेशीत परासरणाने पाणी शिरून ती फुटते. टाकी ५० लिटरची असेल तर किती पाणी बदलायचे? २० लिटर खारे ठेवले तर २० × ३५ = ७०० ग्रॅम क्षार; भागिले ५०, म्हणजे १४. तेव्हा ३० लिटर गोडे पाणी, क्लोरीन घालवलेले, दोन दिवसांत थोडेथोडे घालायचे. दूधवाल्याच्या लॅक्टोमीटरसारखाच हायड्रोमीटर असतो. त्यावरचा आकडा १.०२६ वरून सुमारे १.०१० वर येतो. ठिपके गेल्यावरही हे पाणी चार आठवडे तसेच ठेवावे. कोळंबी आणि प्रवाळ मात्र ह्यात मरतात.

पण आधी निदान! ठिपक्यांऐवजी पिठाची धूळ बसल्यासारखी दिसली आणि मासा धापा टाकू लागला, तर तो ‘अ‍ॅमिलोऊडिनियम’ असू शकतो. तो पातळ केलेल्या पाण्यातही मजेत जगतो. तेथे तांबेच हवे, आणि तेही लगेच, कारण मासे काही दिवसांतच मरतात. कातडीवरचा चिकट पदार्थ काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. गोल, केसाळ आणि गरगर फिरणारा तो क्रिप्टोकॅरिऑन. नासपतीसारखा आणि निश्चल तो दुसरा. अंधेरीजवळ वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे (स्थापना १९६१). तेथे माशांच्या रोगांचाही अभ्यास होतो.

माझी मोठी टाकी मी त्यानंतर अडीच महिने माशांवाचून चालवली. तळाच्या प्रत्येक कवचाला वेळ मिळावा, आणि बाहेर आल्यावर मासा मिळू नये म्हणून.