उभ्या ट्रॅक्टरची बॅटरी कां उतरते?

पेरण्या आटोपल्या कीं पुष्कळांचा ट्रॅक्टर छपराखालीं उभा राहतो तो दसऱ्यापर्यंत हालत नाहीं. आणि रब्बीच्या ऐन घाईंत सेल्फ मारावा, तर नुसती टकटक ऐकूं येते. गतसालीं आमच्या घरीं असें दोनदां झालें. प्रथम आम्हीं जुनी बॅटरी भंगारांत देऊन ७५ अँपिअर-तासांची नवी घेतली. तीही आठवड्यांत बसली, तेव्हां गड्यानें दिवा चालू ठेवला असावा असें समजून त्यास बोल लाविला, व पगारांतून रक्कम कापण्याचेंही मनांत आणिलें. "भाऊसाहेब, चावी मीं तुमच्याच हातीं दिली होती," एवढेंच तो म्हणाला. चावी आमच्या खुंटीवर होती, हें खरें. मग हिशेब पाहणें भाग पडलें.

बॅटरी आपोआपही थोडी उतरते, उष्ण हवेंत अधिक; परंतु धड बॅटरी तेवढ्यानें आठवड्यांत रिकामी होत नाहीं. अर्धा अँपिअर प्रवाह अहोरात्र गळाला तर दिवसास १२ अँपिअर-तास खर्ची पडतात, व ७५ ची शिल्लक सहा दिवसांत संपते. गळती ०.०५ अँपिअर असेल तर तीच शिल्लक दोन महिने पुरते. यास्तव गळती किती, हें आधीं मोजावें.

बॅटरी चार्ज करून तिचा माथा पुसावा. आम्लानें ओलसर झालेल्या मळांतूनही प्रवाह वाहतो. चार्ज होतांना निघणारा वायु पेट घेतो, म्हणून विडी दूर ठेवावी. नंतर चावी काढून ऋण टोकाची तार सोडावी, मीटर १० अँपिअरवर लावून त्याची एक सळई तारेस व दुसरी टोकास टेकवावी. या स्थितींत सेल्फ कदापि मारूं नये. तो शेंकडों अँपिअर ओढतो. साध्या जुन्या ट्रॅक्टरांत आंकडा जवळजवळ शून्य यावा. आमचा अर्धा अँपिअर आला!

कीर्द जुळेना तर आम्ही एकेक पान ताडून पाहत असूं, तसा एकेक फ्यूज काढून पाहिला. आंकडा ढळेना. येथें पुष्कळ लोक हात टेकतात. परंतु अल्टरनेटरची जाड तार आमच्या ट्रॅक्टरांत फ्यूजांतून न जातां थेट बॅटरीच्या धन बाजूस मिळते. मीटर सोडून ती तार काढिली, तिचें उघडें टोक लोखंडास लागूं नये म्हणून चिकटपट्टीनें गुंडाळलें, आणि पुन्हां मोजलें, तों शून्य. अल्टरनेटरांतील डायोड प्रवाहास एकाच दिशेनें जाऊं देतात. त्यांतील एक बिघडला होता. इंजिन चालू असतां बॅटरी भरत असे, म्हणून संशय आला नाहीं. दुरुस्तीस नव्या बॅटरीहून पुष्कळ कमी खर्च आला. गड्याचा पगार पुरता दिला; जुनी बॅटरी बहुधा निर्दोष होती, ती मात्र गेली.

ट्रॅक्टर महिनाभर उभा राहणार असेल तर ऋण तार सोडूनच ठेवावी. भरलेली बॅटरी सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते; १२.४ च्या खालीं उतरल्यास चार्ज करावी, कारण रिकामी राहिल्यास तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचा कठीण थर बसतो व तो सहसा निघत नाहीं. फरशीवर ठेविल्यानें बॅटरी उतरते ही समजूत हल्लींच्या प्लॅस्टिकच्या पेटीस लागू नाहीं. फळी शोधण्यांत वेळ घालवूं नये.