शेतकरी स्त्रीच्या श्रमांचा हिशेब

पेडणे, डिचोली व सत्तरी या भागांतील लहान शेतकऱ्याचे घर एकाच पिकावर चालत नाही. पावसाळ्यात भात, पाण्याची सोय असेल तेथे हिवाळ्यात भाजीपाला, उन्हाळ्यात काजू आणि गोठ्यात एखादे दुभते जनावर, असा हा संसार असतो. यातील बरीचशी कामे घरातील स्त्रीच्या वाट्याला येतात. परंतु त्या श्रमांचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. तो येथे मांडून पाहू.

प्रथम लावणी घेऊ. दोन ओळींत २० व दोन चुडांत १५ सेंटिमीटर अंतर ठेवल्यास एका चौरस मीटरमध्ये सुमारे ३३ चूड बसतात. म्हणजे १००० चौरस मीटरच्या खाचरात ३३,००० वेळा हात चिखलात घालावा लागतो. तोही कमरेत वाकून, मागे सरकत, पाठीवर पाऊस झेलत. तासन्‌तास वाकल्याने कमरेच्या मणक्यांवर व स्नायूंवर मोठा ताण पडतो. नांगरणीसाठी पॉवर टिलर आले. लावणी व बेणणी मात्र पुष्कळ ठिकाणी आजही हातांनीच होते.

आता गोठ्याकडे वळू. दुभत्या म्हशीला दिवसाकाठी साधारण ५० लिटर पाणी लागते. ते डोक्यावरून किंवा कमरेवरून आणावयाचे झाल्यास महिन्याला १५ क्विंटल वजन वाहिले जाते. शेण व चाऱ्याचे भारे वेगळेच. २०२२ साली गोव्याला ‘हर घर जल’ राज्य म्हणून प्रमाणित करण्यात आले. परंतु घरी आलेला नळ गोठ्यापर्यंत पोहोचतोच असे नाही.

हा भार कोणत्या शरीरावर पडतो, हेही पाहिले पाहिजे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. अशा स्त्रीस तेच काम अधिक थकविते. बाळंतपणानंतर लवकरच जड ओझी उचलल्यास अंग बाहेर येण्याचा धोका वाढतो. कित्येक भगिनी हे दुखणे संकोचाने वर्षानुवर्षे लपवितात. त्यांनी आरोग्य केंद्रात अवश्य जावे.

उपाय फार खर्चाचे नाहीत. नळाला रबरी नळी जोडून पाणी गोठ्यातील टाकीत न्यावे. शेणखतासाठी एकचाकी हातगाडी वापरावी. भात ओळीत लावल्यास उभ्याने ढकलावयाच्या कोनोवीडरने बेणणी करता येते. असे अवजार गावात दोन-चार शेतकऱ्यांनी मिळून घ्यावे आणि ते चालविण्याचे शिक्षण स्त्रियांनाही द्यावे. गरोदर व बाळंत स्त्रीचे ओझे घरातील पुरुषांनी उचलावे, यास तर पैसाही लागत नाही.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांस एक लहानसा अभ्यास द्यावा: आईने एका दिवसात किती खेपा केल्या व किती वजन वाहिले, ते वहीत लिहून त्याची बेरीज करावी. ती वही घरात सर्वांनी वाचावी. त्यातील कोणते ओझे कोणी उचलावयाचे, हे मग घरातच ठरविता येईल.