केसाची घडण

सहा-सात वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या वर्गात एक मुलगी होती. तिचे केस विरळ, राठ आणि हात लावताच तुटणारे. मानेपर्यंतही ते कधी वाढले नाहीत. "अगं, केसांना तेल लावीत जा, नीट विंचरीत जा," असे मी तिला एकदा सर्वांदेखत सुनावले. दुसऱ्या दिवशी तिची आई शाळेत आली. "मास्तर, तेल मी रोज लावते हो तिला. माझेही केस लहानपणापासून असेच," एवढेच ती बोलली. डोक्यावरचा पदर तिने घट्ट धरला होता.

पुढे शहरातील एका त्वचारोगतज्ज्ञांनी मुलीचा केस सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि कारण उलगडले. मी कला शाखेचा पदवीधर. विज्ञान हा माझा विषय नव्हे. तथापि ज्या अज्ञानापायी मी एका मुलीस दुखविले, ते दूर करणे माझे कर्तव्य होते. त्या वाचनाचे सार मायलेकींच्या संमतीने येथे देत आहे.

विद्यार्थिमित्रहो, केसाचे मूळ त्वचेतील एका लहानशा पिशवीत असते. तिच्या तळाशी जिवंत पेशी सतत विभागत असतात. नव्या पेशी जुन्यांना वर ढकलतात. वर सरकता सरकता त्या केराटिन नावाच्या प्रथिनाने भरून जातात आणि अखेर मरतात. म्हणून डोक्यावर दिसणारा केस निर्जीव असतो व तो कापताना वेदना होत नाही. महिन्याकाठी तो सुमारे १ सेंटिमीटर वाढतो. त्याच्या बाहेरील बाजूस कौलांप्रमाणे एकावर एक बसलेल्या खवल्यांचे वेष्टन असते. आतला जाड थर केसाला बळकटी देतो.

ही बळकटी येते कोठून? १९३० नंतरच्या दशकात इंग्लंडमधील लीड्स येथे विल्यम अ‍ॅस्टबरी यांनी लोकर व केस यांवर क्ष-किरण टाकून असे दाखविले की, केस ताणला असता त्यातील रेणूंची रचनाच बदलते. १९५१ साली लायनस पॉलिंग व त्यांचे सहकारी यांनी प्रथिनाच्या साखळीचा मळसूत्री आकार वर्णिला. केराटिनचे रेणू याच आकाराचे असतात. आपल्याकडे काथ्याचा सुंभ वळताना दोन पेड एकमेकांत पिळतात, तसेच येथेही घडते. केसाच्या केराटिनचे दोन गट आहेत. पहिल्यात ११ आणि दुसऱ्यात ६ प्रकार. प्रत्येक जोडीत एक पेड पहिल्या गटातला, तर एक दुसऱ्यातला असावा लागतो. पहिल्या गटाची जनुके १७ व्या गुणसूत्रावर, तर दुसऱ्याची १२ व्या गुणसूत्रावर असतात. अशा असंख्य जोड्या मिळून तंतू बनतात. तंतूंमधील जागा दुसरी प्रथिने भरून काढतात. त्यांची जनुके ८० हून अधिक आहेत. गंधकाचे बंध हे सारे एकत्र जखडून ठेवतात. केस जळताना जो उग्र वास येतो, त्यात या गंधकाचाही वाटा असतो.

जनुक म्हणजे प्रथिन कसे रचावे याची लिखित आज्ञा होय. तिच्यातील एक अक्षर बदलले, तर काय होते? त्या मुलीच्या विकाराचे नाव मोनिलेथ्रिक्स; हे नाव लॅटिनमधील कंठहार आणि ग्रीकमधील केस या शब्दांवरून आले. १८७९ साली डब्लिन येथील वॉल्टर स्मिथ यांनी त्याचे वर्णन केले. परंतु त्याचे मूळ दुसऱ्या गटाच्या केराटिन-जनुकांत आहे हे कळावयास १९९७ साल उजाडावे लागले. पुष्कळदा त्या लांब साखळीत ग्लुटामिक आम्लाच्या एका जागी लायसिन येते, एवढाच फरक! पण तेवढ्याने सुंभाची वीण बिघडते. केस मण्यांच्या माळेसारखा कोठे जाड, कोठे बारीक होतो आणि बारीक जागी तुटतो. बहुतेक कुटुंबांत आई किंवा वडील यांपैकी एकाकडून आलेले सदोष जनुक पुरेसे असते; अशा घरी प्रत्येक अपत्यास हा विकार होण्याची शक्यता निम्मी असते.

दोष केसाच्या घडणीतच असल्यामुळे कोणतेही तेल तो घालवू शकत नाही. केस हलक्या हाताने हाताळावेत, ओढून बांधू नयेत, म्हणजे ते कमी तुटतात. काहींच्या बाबतीत वयाबरोबर हा त्रास कमीही होतो.

हे समजल्यावर मी त्या मुलीची वर्गासमोरच क्षमा मागितली. चूक चारचौघांत झाली होती, तेव्हा क्षमाही चारचौघांतच मागणे उचित होते. तिची आई मात्र जन्मभर स्वतःच्या हयगयीस दोष देत आली होती. तो दोष तिचा नव्हता, हे तिला प्रथमच कोणी सांगितले. पुढच्या खेपेस ती शाळेत आली, तेव्हा पदर खांद्यावर होता.

कुणाचे केस सरळ, कुणाचे कुरळे, तर कुणाचे विरळ. आपल्यापैकी कोणीही ते निवडून आणलेले नाहीत. दुसऱ्याच्या रूपावर बोलण्यापूर्वी एवढे स्मरणात ठेवावे.