बाळाच्या आरोग्याचा पाया



वैतरणेच्या खोऱ्यात भातशेती करणाऱ्यास राबाचे महत्त्व सांगावयास नको. राब नीट भाजला गेला नाही, पेरणीनंतर पावसाने ओढ दिली व रोप राबातच पिवळे पडले, तर आवणीनंतर खाचरात पुष्कळ खत घालूनही ती उणीव पुरती भरून येत नाही. मनुष्यदेहाचीही गोष्ट बरीचशी अशीच आहे. त्याचा राब म्हणजे मातेचे उदर व जन्मानंतरची पहिली दोन वर्षे. ह्या काळात देहास जे मिळते व जे मिळत नाही, त्याचा परिणाम बालपणीच्या दुखण्यांत दिसतो. इतकेच नव्हे, तर चाळिशी-पन्नाशीत जडणाऱ्या मधुमेहातही दिसतो. तो कसा, हे ह्या पाठात पाहू.

१. हे कसे कळून आले

इंग्लंडातील हर्टफर्डशायर परगण्यात १९११ सालापासून सुइणी व आरोग्यसेविका बालकांचे जन्माच्या वेळचे व एक वर्षाचे वजन वहीत टिपून ठेवीत. पुढे डेव्हिड बार्कर नामक वैद्य व त्यांचे सहकारी ह्यांनी त्या वह्या मिळवून, ती बालके मोठेपणी कोणत्या रोगाने मरण पावली ह्याचा तपास केला. १९८९ साली त्यांनी प्रसिद्ध केले की, ज्या पुरुषांचे वजन बालपणी सर्वांत कमी होते, त्यांच्यातच हृदयविकाराने मरणाऱ्यांचे प्रमाण सर्वांत अधिक होते.

२. आपल्या महाराष्ट्रातील शोध

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत असाच अभ्यास आरंभिला. तेथील बालकांचे जन्मवजन सरासरी सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडातील साउदॅम्प्टन येथील बालकांचे सुमारे ३.५ किलो होते. आपली बालके हातापायांनी बारीक व स्नायूंनी उणी होती. परंतु अंगावरील चरबी मात्र त्या मानाने फारशी उणी नव्हती.

मातांविषयी तीन गोष्टी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. पहिली, ज्या मातांच्या आहारात पालेभाज्या, फळे व दूध वरचेवर असत, त्यांची बालके जन्मतः अधिक भरलेली होती. दुसरी, ज्यांवर गर्भारपणी कष्टाचा भार अधिक होता, त्यांची बालके लहान होती. तिसरी, बहुतेक मातांच्या रक्तात बी-१२ हे जीवनसत्त्व कमी आढळले. ज्या मातांमध्ये ते कमी व फोलेट अधिक होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच मधुमेहाकडे झुकण्याची लक्षणे सर्वांत अधिक दिसली. ह्यावरून कोणी लोह व फोलिक आम्लाच्या गोळ्या टाकून देऊ नयेत. त्या आवश्यकच आहेत. गोळ्यांच्या जोडीला बी-१२ देणारे अन्नही हवे, इतकाच ह्याचा बोध.

३. देह असे का करतो

घरात धान्य थोडे असले म्हणजे शहाणी गृहिणी आधी लेकरांचे ताट भरते व इतर खर्च आखडते. गर्भही तसेच करतो. अन्न अपुरे पडले की तो मेंदूस प्रथम पुरवितो, आणि स्नायू, मूत्रपिंड व साखर आवरणारे स्वादुपिंड ह्यांच्या वाढीत काटकसर करितो. ह्या काटकसरीने जीव वाचतो, परंतु उणीव राहून जाते. असे मूल मोठे होऊन शहरात गेले, बैठे काम व तेलकट-गोड खाणे सुरू झाले, म्हणजे ती उणीव उघडी पडते. तथापि ही ललाटरेषा नव्हे. हा केवळ कल आहे, व काळजी घेतल्यास तो पुष्कळ आवरता येतो.

४. आपल्या खोऱ्यातील स्थिती

१९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे कुपोषणाने अनेक बालके दगावली, हे आपल्यापैकी वडीलधाऱ्यांस स्मरत असेल. परंतु जी वाचली त्यांचा विचार कोण करितो? ती आज तिशी ओलांडून आईबाप झाली आहेत. त्यांनी वर्षातून एकदा रक्तातील साखर व रक्तदाब तपासून घ्यावा.

आपल्या नदीवरील मोडकसागर व इतर धरणांचे पाणी मुंबईस जाते. पण मोखाड्याच्या किती पाड्यांवर उन्हाळ्यात गर्भवती स्त्री डोक्यावर हंडे वाहून आणते! दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबे वसई-भिवंडीकडे वीटभट्टीवर जातात, आणि तेथे तीच स्त्री विटा वाहते.

एका पाड्यावर एक आजीबाई मला म्हणाल्या, “आम्ही शेतात बाळंत झालो, आमची पोरे जगली नाहीत काय?” मी विचारले, “आजी, किती झाली व किती जगली?” त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग सात बोटे दाखविली, आणि त्यांतली तीन मिटली.

५. घराने काय करावे

हा दोष मातेचा नव्हे. ती सर्वांमागून जेवते व तिच्या वाट्यास पेज उरते, ही घराची रीत आहे. म्हणून ती घरानेच बदलली पाहिजे.

(अ) गर्भवतीने सर्वांबरोबर किंवा आधी जेवावे. पुष्कळ खाल्ल्याने पोर मोठे होऊन बाळंतपण अडते, ह्या भीतीने अन्न तोडू नये. नाचणीची भाकरी, डाळ, टाकळा, शेवग्याचा पाला हे आपल्या दाराशीच आहे. बी-१२ मात्र भाजीत नाही. ते मासे, सुकट, अंडी व दूध ह्यांत आहे.

(आ) हंडा पतीने उचलावा. त्यात लाज नाही.

(इ) मिश्री व तंबाखू सोडावी. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबईच्या एका अभ्यासात, गर्भारपणी अशी तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बालकांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी आढळले.

(ई) तान्ह्यास चुलीच्या धुरात निजवू नये. अशा धुराने बालकांस न्युमोनिया होण्याचा धोका जवळजवळ दुप्पट होतो. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे; नंतर दुधासोबत मऊ, घट्टसर अन्न द्यावे.

(उ) अंगणवाडीतील अमृत आहार योजनेचे ताट मातेने तेथेच बसून जेवावे; घरी नेले की त्याचे वाटे पडतात. भट्टीवर जाताना माता-बाल कार्ड बरोबर न्यावे व तेथील अंगणवाडीत नाव घालावे.

विचारार्थ प्रश्न

१. तुमच्या घरी सर्वांत शेवटी कोण जेवते?
२. तुमच्या पाड्यावर आज किती गर्भवती स्त्रिया आहेत, व त्यांचे पाणी कोण भरते?
३. दोन वर्षांखालील कोणत्या बालकाचे वजन गेल्या महिन्यात झाले नाही?

ह्या प्रश्नांची उत्तरे केवळ तोंडी देऊ नयेत. पुढील पाठापूर्वी निदान एका घरचा हंडा दुसऱ्या खांद्यावर गेला, तर हा पाठ समजला असे म्हणता येईल.